सरावलेले ससे

सदऱ्याची कॉलर उलटून घ्यायला मी रूपरावच्या दुकानात गेलो होतो. दुकान म्हणजे बाजारातल्या एका ओट्यावर ठेवलेले मशीन. गिऱ्हाईक खाली रस्त्यावर उभे राहते. कॉलर चाचपत, माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या दवाखान्याचे लई उपकार झाले बाप्पा. बायको गेलीच होती माही. हगवन-उलट्यांनी डोये असे खोल गेलते. दोन बाटल्या पानी चढवलं तं बोलाले लागली." मी म्हणालो, "छान झालं." अशा वेळी यापुढे काय बोलतात ते मला कधीच सुचत नाही. "पन एक सांगतो," तो हसू लागला, "पानी लावलं अन् अर्ध्या घंट्यानं अशी हुडहुडी भरली तिले, का एवढ्या उन्हाळ्यात दात कडकड वाजून राह्यले. माही माय म्हने, अंगात आलं हिच्या! नारळ आनाले पयाली ना बुढी." शेजारचा पानवाला हसला, उभे असलेले दोघे हसले. मीही हसलो. मग, हसणे अजून तोंडावर असतानाच, मी विचारले, "हे कधीचं?" "सोमवारचं." "तिला एकटीलाच झालं?" रूपरावने पहिल्यांदा वर पाहिले. मी कुणाला दुसरा प्रश्न विचारलेला त्याने पाहिला नसावा. "नाई," तो म्हणाला, "बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीलेबी भरली. दवाखान्यातली नर्सबाई म्हने, हिवताप हाय. काऊन?" मी म्हणालो, "काही नाही." आणि सदरा त्याच्याकडेच ठेवून निघालो.

उन्हे उतरली होती, पण रस्ता चपलेतून भाजत होता. चालताना मी स्वतःला समजावत होतो की एक शिंपी गंमत सांगतो आहे, आणि गंमत सांगताना माणसे वाढवून सांगतात. दोघींना हिवताप असू शकतो. वर्ध्याला हिवताप नवा नाही. मला प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू लगेच दिसते. चौतीस वर्षे शाळेत शिकवताना याचा फार त्रास झाला. मुलाने चुकीचे उत्तर लिहिले तरी ते कोणत्या अर्थाने बरोबर असू शकेल हे मी शोधत बसे, आणि पेपर तपासून द्यायला माझाच सगळ्यांत उशीर होई. हेडमास्तर म्हणत, "लाल पेन्सिल हातात धरली की तुम्हालाच ताप येतो." आता मात्र चालताना दुसरी बाजू दिसत नव्हती. तीन ससे दिसत होते. चार नंबरचा, सात नंबरचा आणि अकरा नंबरचा. लाकडी खोक्यांतून फक्त माना बाहेर काढून, डोळे अर्धे मिटून बसलेले.

माझे काम काय ते सांगायला हवे, कारण ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही. आमच्या दवाखान्यात पटकीच्या रोग्यांना शिरेतून द्यायचे मिठाचे पाणी तिथेच तयार होते. पाण्याची वाफ करून, ती थंड करून, मीठ घालून, बाटल्यांत भरून, दाबाखाली उकळून. त्यात जिवंत असे काही उरत नाही. पण जंतू मेले तरी त्यांचे काहीतरी मागे राहते, आणि ते उकळूनही जात नाही. त्याला वास नाही, रंग नाही. ते रक्तात गेले की माणसाला हुडहुडी भरून ताप येतो, आणि आधीच अर्धमेला असलेला माणूस त्यात जाऊही शकतो. डॉक्टर त्याला पायरोजन म्हणतात; माझ्या वहीत मी ज्वरद्रव्य लिहितो. ते ओळखायचा एकच उपाय आहे. ते पाणी सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचे आणि तीन तास, दर तासाला, त्याचा ताप पाहायचा. तिन्ही ससे स्थिर राहिले तर पाणी पास. एकाचाही पारा एका अंशाच्या वर गेला तर सगळ्या बाटल्या मोरीत. मी निवृत्त झालो तेव्हा डॉक्टर ओमप्रकाश माझ्या घरी आले होते. म्हणाले, "गुरुजी, मला असा आदमी पाहिजे की जो दिवसभर एका जागी चुपचाप बसेल आणि कंटाळणार नाही. सगळे तुमचंच नाव सांगतात." माझ्याविषयी कुणी इतके अचूक बोललेले मला आठवत नाही.

मी खरोखरच कंटाळलो नाही. सशांची खोली दवाखान्याच्या मागच्या टोकाला आहे. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारतात, कारण खोली तापली तर ससाही तापतो आणि कशाचा ताप ते कळत नाही. ओल्या वाळ्याचा वास, हिरव्या गवताचा वास आणि सशांच्या लेंड्यांचा वास, यांत बसून मी पुस्तक वाचतो. आधी मनात वाचत असे. पुढे मोठ्याने वाचू लागलो, कारण माझ्या लक्षात आले की संथ आवाजात वाचले की ससे शांत होतात. घाबरलेल्या सशाचा पारा नुसत्या भीतीने चढतो. गेल्या वर्षी दोन वेळा सगळ्या बाटल्या ओतून द्याव्या लागल्या आणि मागून कळले की दोष पाण्यात नव्हता, ससे नवे होते. डॉक्टर चिडले होते. "ससे डरपोक आहेत की त्यांचे मास्तर?" ते म्हणाले. ते विनोदाने म्हणाले असतील. पण मी पुढचे आठ दिवस त्यांच्यासमोर गेलो नाही. आणि त्यानंतर मी काय केले, तर चार, सात आणि अकरा यांना निवडले. ते मला ओळखत. थर्मामीटर लावताना पाय झाडत नसत, सुई टोचताना कानसुद्धा हलवत नसत. पिंजऱ्यांत आणखी सतरा ससे होते, पण दर चाचणीला मी हेच तीन घेऊ लागलो. अकरा वेळा पाणी तपासले आणि अकराही वेळा ते पास झाले. डॉक्टरांनी मला सगळ्यांच्या देखत शाबासकी दिली. त्या दिवशी मी नागपूरला पत्र लिहिले आणि त्यात हेही लिहिले.

नागपूरला माझी पत्नी, सीताबाई, असते. मुलीच्या, नलूच्या, बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता पाच वर्षे झाली. आमचे भांडण झाले नाही. भांडण व्हायला दोघांनी बोलावे लागते. पहिल्या दिवाळीला ती आली नाही तेव्हा मला काहीतरी झाले होते. मी दोनदा स्टेशनवर जाऊन गाड्या पाहून आलो होतो. दुसऱ्या दिवाळीला तेवढे झाले नाही. आता दिवाळी आली की मी वाण्याकडून पावशेर अनारसे आणतो आणि मला बरे वाटते. माझ्या पत्राचे उत्तर नलूने लिहिले, "आई म्हणते, सशांना जपा." त्यात टोमणा होता की नव्हता याचा मी अनेक दिवस विचार केला.

घरी आल्यावर मी ट्रंकेतून डॉक्टरांनी दिलेले इंग्रजी पुस्तक काढले. मी ते पहिल्याच वर्षी शेवटच्या पानापर्यंत वाचलेले आहे. समासात पेन्सिलीने मराठी शब्दही लिहिलेले आहेत. मला जे पान हवे होते ते मला ठाऊक होते. त्यावर लिहिले होते की एकच ससा पुन्हा पुन्हा वापरू नये. थोडे थोडे ज्वरद्रव्य वरचेवर शरीरात गेले तर त्याचे शरीर त्याची दखल घेणे सोडून देते, आणि मग असा ससा काहीच सांगू शकत नाही. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: 'सरावतो.' म्हणजे मला हे माहीत होते. वाचले होते, समजले होते, शब्दही शोधला होता. आणि तरीही, खोक्यात शांत बसलेले ते तीन ससे पाहताना मला वाटत आले की ते माझ्यामुळे शांत आहेत.

दुसऱ्या दिवशी मी सहालाच दवाखान्यात पोचलो. व्हरांड्यात साठ बाटल्या पेंढ्यात बांधून ठेवलेल्या होत्या. आदल्याच दिवशी मी त्या पास केल्या होत्या. हिंगणघाटच्या बाजूला अल्लीपुरात पटकीची साथ आली होती आणि अकरा वाजता डॉक्टरांची जीप त्या घेऊन निघणार होती. डॉक्टर नळावर हात धूत उभे होते. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळून पाहिले नसते तर मी बहुधा तसाच परत गेलो असतो. "बोला गुरुजी." मी बोललो. कोणत्या क्रमाने बोललो ते आठवत नाही. आधी शिंप्याचे सांगितले, मग पुस्तकाचे, मग मधेच कॉलरचेही सांगितले असावे. शेवटी म्हणालो, "म्हणजे बहुधा पाणी खराब असावं. बहुधा आधीचंही. निश्चित असं—" डॉक्टर ओल्या हातांनी तसेच उभे होते. त्यांनी कंपाउंडरला, प्रेमदासला, हाक मारली आणि विचारले, "पाणी भट्टीतून निघाल्यावर त्याच दिवशी भरता ना?" प्रेमदास म्हणाला, "विहीर आटली ना साहेब. बादलीभर पानी येते दिवसाले. दोन-तीन दिवसांचं जमा करतो, मंग भरतो. झाकून ठेवतो बरोबर." साठवलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि मग उकळूनही त्यांचे ज्वरद्रव्य राहते. डॉक्टरांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "अल्लीपूरला काल चार गेले. 'बहुधा'वर मी गाडी थांबवू? तुमच्याकडे साडेचार तास आहेत. साफ साफ सांगा. हां किंवा ना."

सेलूच्या एका माणसाकडून महिन्यापूर्वी आणलेले ससे मागच्या पिंजऱ्यात होते. त्यांना अजून एकदाही टोचलेले नव्हते. त्यांतले तीन मी काढले. आणि चौथा, स्वतःची खात्री करून घ्यायला, सात नंबरचा. नव्यांना खोक्यात बसवताना एकाने माझे मनगट ओरबाडले. मी प्रत्येकाच्या शेपटीखाली व्हॅसलीन लावून थर्मामीटर सरकवले आणि थांबलो. एकशेदोन अंश आणि दोन दशांश. एकशेदोन आणि चार. एकशेदोन. सात नंबर एकशेदोन आणि एक. प्रेमदासने पात्याने त्यांच्या कानांच्या कडेची लव काढली, स्पिरिट चोळले, शीर वर आली. बाटलीतले पाणी कोमट करून त्याने चौघांना टोचले. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, माह्यावर तं नाई ना येनार?" मी म्हणालो, "नाही. माझ्यावर येईल." तो गेला तरी त्याच्या चेहऱ्यावरची सुटका खोलीत राहिली. पावणेआठ झाले होते.

मी पुस्तक उघडले नाही. मोठ्याने वाचले असते तर नवे ससे कदाचित शांत झाले असते. पण मग पारा स्थिर राहिला तर तो कशामुळे राहिला, हा प्रश्न आलाच. मी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलो. ताटीवरून पाण्याचे थेंब गळत होते. नव्या सशांच्या नाकपुड्या इतक्या जोरात हलत होत्या की तीन लहान यंत्रे चालू असल्यासारखे वाटत होते. सात नंबर मात्र माझ्याकडे पाहत होता, नेहमीच्या वेळी नेहमीचा आवाज का येत नाही म्हणून. का मलाच तसे वाटत होते? सशाच्या डोळ्यात काय दिसते? त्याचा डोळा बाजूला असतो. तो पाहतो आहे की नाही हेही नीट कळत नाही. तीन वर्षे मी या डोळ्यांना ओळख म्हणत आलो. शाळेतही असेच होते. मागच्या बाकावर एक मुलगा होता, सगळा तास माझ्याकडे टक लावून बसायचा. मला वाटे, हा एक तरी ऐकतो. वर्षाच्या शेवटी कळले की त्याला दूरचे दिसत नव्हते. पावणेनऊला मी पहिल्यांदा पाहिले. तीन नवे ससे अनुक्रमे सात, सहा आणि आठ दशांशांनी वर. सात नंबर जागच्या जागी. मला वाईट वाटायला हवे होते, पण क्षणभर बरे वाटले. कारण ही भीती असू शकत होती. भीतीचा ताप आधी चढतो आणि मग उतरत जातो. विषाचा चढत राहतो. अजून दोन तास होते, आणि तेवढा वेळ मला काहीही ठरवायचे नव्हते.

दहाच्या सुमाराला, मी दुसऱ्यांदा पाहत असताना, तानाबाई आल्या. सशांना लसूणघास कापून घालणे, पिंजरे धुणे हे त्यांचे काम. रोज येताना त्या दारातूनच बोलत येतात: "काय म्हन्ते तुमची शाळा?" किंवा "ससुल्यांचा ताप घंट्याघंट्याले पाहता गुरुजी, माह्या नवऱ्याले ताप आला तं म्या एकडाव पाहला, तो बी मेला का जिता ते पाहाले." मी हसत नाही, पण त्या बोलून गेल्यावर बराच वेळ खोली भरलेली वाटते. आज त्या काही न बोलता आत आल्या आणि जमिनीवर बसल्या. गवताचा भारा आणला नव्हता. "गुरुजी, गाडी थांबवली म्हन्तात तुमी." मी म्हणालो, "थांबवली नाही. तपासतो आहे." "कमली पडली हाय तिकडं अल्लीपुरात. माह्या भावाची पोर. रातच्यानं निरोप आला." मला कमला ठाऊक होती. त्यांच्या बोलण्यातून ठाऊक होती. आई लहानपणीच गेली म्हणून तानाबाईंनी वाढवलेली, मागच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेताना गर्दीत हरवली आणि संध्याकाळी एका झाडाखाली आरामात भाकर खाताना सापडली ती, सातवी शिकलेली, आत्याच्या अंगठ्याला हसणारी ती. "पानी खराब हाय का?" तानाबाईंनी विचारले. मी थर्मामीटरकडे पाहिले. चार दशांश वर; म्हणजे हा उतरला होता. दुसरा सात. तिसरा नऊ. "अजून सांगता येत नाही," मी म्हणालो. "खराब असंल तं काय होते?" "थंडी वाजते. जोरात. मग ताप चढतो." "मरते का त्यानं मानूस?" "सगळे नाही. फार अशक्त असला तर मरू शकतो." "अन् पान्याबिगर?" मी पारा वहीत लिहू लागलो. त्यांनी पुन्हा विचारले, या वेळी मोठ्याने, "पान्याबिगर काय होते गुरुजी, ते बी सांगा ना. तुमी शिकले-सवरले."

मला ठाऊक होते. पटकीचा माणूस सुकतो. बोटांची कातडी धोब्याच्या हातासारखी होते, आवाज जातो, नाडी लागत नाही, आणि शेवटपर्यंत शुद्ध असते. हे मी पुस्तकात वाचले होते. वॉर्ड माझ्या खोलीपासून साठ पावलांवर आहे आणि तीन वर्षांत मी तिथे चारदा गेलो असेन. गेलो असतो, तर हुडहुडी भरलेली बाई मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली असती. शिंप्याने सांगायची वेळ आली नसती. पण तिथे ओळखीचे कुणी भेटेल आणि बोलावे लागेल, म्हणून मी मागच्या फाटकातून येतो आणि मागच्या फाटकातून जातो. "पाण्यावाचून मरतो," मी म्हणालो. "मंग?" तानाबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू गणित सुटले होते आणि मीच उगाच पाटी खाली ठेवत नव्हतो. "लिहा ना चांगलं हाय म्हून. तुमच्या लिहिन्यावर अडलं ना? लिहा." त्यांचा आवाज चढला तसा पहिला ससा खोक्यात उसळला. त्या लगेच गप्प झाल्या. तोंडावर पदर दाबून त्या उठल्या आणि दाराबाहेर, उन्हात, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या सशासाठी बाहेर गेल्या, हे मला फार उशिरा कळले.

शेवटच्या तासात मी काय विचार केला ते लिहिणे कठीण आहे, कारण तो विचार नव्हता. चांगले आहे असे मी लिहू शकत होतो. आदल्या अकरा वेळा मी तेच लिहिले होते आणि कुणी मला खोटारडे म्हटले नव्हते. खराब आहे असेही लिहू शकत होतो. मग बाटल्या ओतल्या जातील, उद्या संध्याकाळपर्यंत नवे पाणी होईल, आणि तोवर अल्लीपुरात जे व्हायचे ते होईल. दोन्हीकडे माणसे होती. पुस्तकाच्या त्या पानावर फक्त ससे होते. मी खरे काय ते सांगायचे, आणि त्याचे काय करायचे ते डॉक्टरांनी ठरवायचे, असे कामाचे वाटप मला नेहमीच सोयीचे वाटत आले. पण दाराबाहेर एक बाई उन्हात उभी होती आणि तिची सावली उंबऱ्यावरून आत आली होती. मी उठून तिला सावलीत बोलवावे असे मला तीनदा वाटले. तीनदा मी खुर्चीचे हात धरले. पावणेअकराला मी पहिल्या सशाचे थर्मामीटर काढले, पुसले, खिडकीकडे धरले. एकशेतीन आणि सहा. दुसरा एकशेतीन आणि नऊ. तिसरा एकशेतीन आणि पाच. तिघांच्याही नाकपुड्या आता मंद झाल्या होत्या, कान थंड लागत होते, आणि अंगावरून बारीक थरथर जात होती. ही भीती नव्हती. शेजारी सात नंबर मान लांब करून माझ्या धोतराची कड चघळत होता. त्याचा पारा एकशेदोन आणि एक होता, सकाळी होता तेवढाच.

व्हरांड्यात जीप चालू होती. डॉक्टरांनी माझ्या हातातली वही घेतली नाही. "हां की ना?" "नापास," मी म्हणालो. "पक्कं?" "पक्कं. हे आणि याआधीची कितीतरी. चूक माझी आहे. मी तेच तेच ससे वापरत होतो." इतकी लहान वाक्ये मी आयुष्यात बोललो नव्हतो.  प्रेमदास, ड्रायव्हर, तानाबाई, सगळे डॉक्टरांकडे पाहत होते. ते म्हणाले, "प्रेमदास, आजचं पाणी आजच भर. विहिरीला नसेल तर टाकीवरून आण, डोक्यावर आण, पण आजचं आजच. नवे ससे. रात्री दुसरी गाडी." मग बाटल्यांकडे बोट करून म्हणाले, "यांच्या गळ्याला लाल दोरा बांधा आणि भरा गाडीत. ज्याला गिळता येतं त्याला मीठ घालून पेज. ज्याची नाडीच लागत नाही, त्याला ही. मरणाऱ्याला हुडहुडीची भीती मी घालणार नाही." तानाबाई मागे बाटल्यांजवळ चढल्या. डॉक्टर पुढे बसले आणि मी वही मिटून मागे वळलो तेव्हा म्हणाले, "कुठे चाललात? बसा. हे पाणी लावल्यावर प्रत्येकाजवळ कुणीतरी बसायला पाहिजे. मी एकटा कुठे कुठे बसू? बसायचं काम तुम्हाला येतं."

अल्लीपुरात शाळेच्या दोन खोल्यांत रोगी ठेवले होते. जमिनीवर चटया, चुन्याचा वास, माश्या, आणि भिंतीवर मुलांनी काढलेले नकाशे. नाडी न लागणारे तिघे होते. त्यांतली एक कमला. मी मनात तिचा जो चेहरा धरला होता त्याच्याशी हा चेहरा कुठेच जुळत नव्हता. गाल आत गेलेले, ओठ निळसर, डोळे मात्र उघडे आणि हलणारे. बाटली खिडकीच्या गजाला टांगली तेव्हा तिच्या बापाने लाल दोरा पाहून हात जोडले. "मंतरलेली हाय का?" त्याने विचारले. "गप रे," तानाबाई त्याच्यावर ओरडल्या, "गंडे-दोरे सोडले ना आपुन? खराब हाय म्हून बांधला. लावा डॉक्टरसाहेब." त्यांनी 'खराब' हा शब्द इतक्या सरळ उच्चारला की माझी मान खाली गेली. पाणी उतरू लागले. पंधरा मिनिटांनी तिच्या मनगटात काहीतरी हलले. माझ्या बोटांना ते आधी खोटे वाटले, मग खरे. आणखी वीस मिनिटांनी तिच्या हनुवटीला कंप सुटला. मग खांदे. मग सगळे अंग. बाहेर पत्र्यावर हात ठेवता येत नव्हता इतके ऊन, आणि ती थंडीने दुमडत होती. शेजारपाजारच्यांनी घरोघरच्या गोधड्या आणून टाकल्या. मी सुई बांधलेला तिचा हात दोन्ही हातांनी जमिनीशी दाबून धरला होता. तो हलू द्यायचा नव्हता. एखाद्या जिवाच्या अंगातून जाणारा तो हादरा मी तीन वर्षे काचेच्या नळीत पाहत आलो. तो आता माझ्या कोपरापर्यंत येत होता.

"आत्या," कमला म्हणाली. आवाज फाटका होता, पण आवाज होता. "आत्या, हे कोन?" "हे गुरुजी," तानाबाई म्हणाल्या, "दवाखान्यातले. याहीनंच शोधून काढलं का पानी खराब हाय म्हून." कमलाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. दात वाजत होते, त्यामुळे तिला एकेक शब्द जुळवून बोलावे लागत होते. "मंग," ती म्हणाली, "चांगलं... काऊन नाई आनलं?"

मला याची दुसरी बाजू शोधता आली असती. विहीर आटली होती, पाणी साठवलेले होते, वेळ नव्हता. "माझ्यामुळे," मी म्हणालो. तिने ऐकले की नाही ते मला कळले नाही. पुढचा झटका आला होता आणि तिने डोळे घट्ट मिटले होते. तानाबाईंनी ऐकले.  मग सरकलेल्या गोधडीचे एक टोक ओढून त्यांनी माझ्या गुडघ्याखाली खुपसले आणि म्हणाल्या, "दाबून बसा. अजून लई वाजनार हाय तिले."